त्या चैत्रातलं हळदीकुंकू

मोठ्या हॉटेलच्या बँक्वेट खात्यात काम केलं की जगाच्या बातम्या पेपरच्या आधी कळतात. त्यासाठी अक्कल लागत नाही, खुर्च्या मांडता याव्या लागतात. दोन कंपन्या एकत्र येणार की भांडून उठणार, हे मी टेबल गोल मागवलंय की लांब यावरून ओळखायचे. नवरा म्हणायचा, "तू ज्योतिषाचा बोर्ड लाव, जास्त कमावशील." त्याला चेष्टा सुचायची, कारण तेव्हा तो घरीच बसून होता.

२००८च्या मंदीत त्याची बांधकाम कंपनी झोपली. दुबईतल्या क्रेन जागच्या जागी थांबल्या आणि आमच्या ओळखीतली निम्मी घरं गाड्या विमानतळावर सोडून पुण्या-मुंबईला परतली. आम्ही परतलो नाही. बर दुबईतलं घर सोडून अजमानला आलो, कारण तिथे तेवढ्याच पैशांत दोन खोल्या जास्त मिळत होत्या. पुढे त्याला पार अबुधाबीच्या पलीकडे रुवैसला नोकरी लागली. तो आठवड्यातून एकदा घरी यायचा, आणि मी रोज शारजाच्या ट्रॅफिकमधून शिव्या घालत दुबईला जायचे. हॉटेलातही सगळं बदललं होतं. टॉवर विकणाऱ्यांच्या झगमगाटी पार्ट्या बंद झाल्या आणि त्यांच्या जागी सरकारं आली. त्यांना खर्चाची फिकीर नसायची, फक्त झेंड्याला सुरकुती चालायची नाही.

अजमानच्या त्या इमारतीत आमच्या शेजारच्या दारात एक कुटुंब राहायचं. त्यांच्या देशाचं नाव मी लिहीत नाही. त्या घरातल्या बाईच्या नवऱ्याची बहीण अजून तिथे आहे, आणि तिथले राज्यकर्ते वाचत नसतील असं मी धरून चालत नाही. ती बाई माझ्या मुलीच्या शाळेत अरबी शिकवायची. तिचा नवरा अबुधाबीजवळच्या मुसफ्फाला एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये अकाउंटंट होता आणि माझ्या नवऱ्यासारखाच आठवड्याने उगवायचा. म्हणजे आम्ही दोघी बाकीचे दिवस बिननवऱ्याच्या. तिचं हिंदी शाळेच्या बसवाल्यांकडून शिकलेलं, माझं अरबी भाजीवाल्याकडून. पण भांडणं, सासवा, मुलांचे मार्क, सगळं त्यात व्यवस्थित बसायचं.

तिला दोन मुलं. धाकटी माझ्या मुलीच्या वर्गात, आणि थोरला त्यांच्या देशात डॉक्टरकी शिकत होता, कारण इथली फी परवडत नव्हती. सुटीत आला की तो मला "खाला", म्हणजे मावशी, म्हणायचा आणि आमच्या फ्रीजचा पत्ता त्याला माझ्या मुलीपेक्षा जास्त ठाऊक असायचा. चैत्रात मी गौर मांडते. एकदा हळदीकुंकवाला आलेल्या बायका बाहेर बसल्या असताना हा पठ्ठ्या स्वयंपाकघरात अर्धं पातेलं कैरीची डाळ संपवून बसला होता. आईने कान धरला तर म्हणाला, "खाला, तुमच्या देवीला मुलगा हवा असेल तर मी आहे." मी हसून हसून पन्हं सांडलं होतं.

मग त्या देशात लष्कराने सत्ता घेतली. विद्यार्थी, वकील, चहा विकणाऱ्या बायका, सगळे लष्कराच्या कचेरीसमोरच्या रस्त्यावर बसले. तोही बसला. रोज संध्याकाळी आईला फोन करायचा आणि मागे गाणी ऐकू यायची. ती त्याला घरी जा म्हणून रागवायची, आणि फोन ठेवला की मला दारात उभं राहून सांगायची, "आज त्यांनी रस्त्यावर दवाखाना उघडला. तो टाके घालतो." रागवतानाही तिला कौतुक लपवता यायचं नाही.

एका पहाटे सैनिकांनी तो रस्ता मोकळा केला. मोकळा केला हा शब्द त्यांच्या टीव्हीचा. देशाचं इंटरनेट बंद झालं, फोन बंद झाले, आणि शेजारच्या घरातला टीव्ही बंद व्हायचा थांबला. बऱ्याच दिवसांनी त्याच्याबरोबरचा एक मुलगा सीमा ओलांडून दुसऱ्या देशात पोहोचला आणि त्याने तिथून फोन केला. त्याने थोरल्याला पडताना पाहिलं होतं. छातीत गोळी लागली होती, आणि सैनिकांनी त्याला इतरांबरोबर ट्रकमध्ये टाकून नेलं. प्रेत कुणाला मिळालं नाही. सरकारी भाषेत तो "बेपत्ता" होता.

त्यांच्यात कुणी वारलं की तीन दिवस दार उघडं ठेवतात. लोक येतात, कुराण वाचतात, कॉफी पितात, आई मोठ्याने रडते आणि बायका तिच्याबरोबर रडतात. तिला तेवढंच हवं होतं. पण मुसफ्फाहून आलेल्या नवऱ्याने दार उघडू दिलं नाही. त्याचंही चूक म्हणवत नव्हतं. पासपोर्टचं नूतनीकरण त्यांच्याच वकिलातीत, बहीण तिकडे सरकारी शाळेत, आणि आपल्याच माणसांतला कोण कुणाचा कान आहे हे कुणाला सांगता येतंय? शोक केला की मुलगा मेला म्हणून कबूल करायचं, आणि मेला म्हटलं की कुठे मेला ते सांगायचं. "बेपत्ता आहे म्हण," तो तिला म्हणाला. मी तिथेच बसले होते. सांगताना तो भिंतीकडे बघत होता.

दोन दिवसांनी ती शाळेत गेली. डोळ्यांत काजळ घालून, मुलींना क्रियापदं शिकवून आली. मला तिचा इतका राग आला की काय सांगू! आणि मग स्वतःचाच आला, कारण मी तरी काय म्हणणार होते तिला.

आणि संध्याकाळी आवाज सुरू झाला. त्या इमारतीच्या भिंती पापडासारख्या होत्या. त्याच्या फोन करायच्या वेळेला ती त्याचा नंबर लावायची. नेटवर्क परत आल्यापासून तो वाजत होता. कुणाच्या तरी खिशात, कुणाच्या तरी टेबलावर तो फोन अजून चार्ज होत होता. कुणी उचलायचं नाही. मग ती तशीच बोलायला लागायची. मला कळणारे शब्द थोडे: जेवलास का, थंडी आहे का, उत्तर दे. माझी मुलगी गृहपाठातून मान वर करून म्हणाली, "ममा, शी इज टॉकिंग टू हिम अगेन. बट ही इज डेड, राइट?" मी तिला अभ्यास कर म्हणाले.

एकदा पलीकडून फोन उचलला गेला. तिने दार वाजवून मला बोलावलं आणि तो माझ्या कानाला लावला. कुणीतरी श्वास घेत होतं. मागे एक पंखा कुरकुरत होता. शब्द नाही, शिवी नाही, काही नाही. मीच घाबरून फोन बंद केला. आजही कुणी फोन उचलून लगेच बोललं नाही की मी फोन बंद करून टाकते, मग तो गॅसवाला का असेना.

त्याच सुमाराला आमच्या हॉटेलात त्या देशाच्या मित्रराष्ट्रांची बैठक ठरली. कुठली राष्ट्रं ते विचारू नका. एकेकाचा दुसऱ्याशी व्यापार आणि तिसऱ्याशी वैर होतं, पण या बाबतीत सगळ्यांना एका सुरात बोलायचं होतं. टीव्हीवर सांगत होते की आता दबाव येणार, लष्कराला जाब विचारला जाणार. ही बातमी घेऊन ती माझ्याकडे आली. चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग दिसत होता.

"तुम उधर होगी ना, हबीबती?"

"मैं खुर्ची लगाती हूँ, बाई. आत बसत नाही."

"फिर भी. दरवाजा खुलता है, बंद होता है. कोई पूछे तो मुझे बोलो. लडकों के बारे में. एक भी आदमी पूछे."

मी हो म्हणाले. तिला मुलगा परत मिळणार नव्हता, हे तिला माहीत होतं. तिला फक्त कुणीतरी, ज्याला नाही म्हणता येणार नाही अशा कुणीतरी, मोठ्याने विचारायला हवं होतं की ती मुलं कुठे आहेत. मग तिच्या नवऱ्यालाही दार उघडता आलं असतं.

बैठकीच्या आदल्या दिवशी मी मनातल्या मनात खूश होते. टेबल लांब मागवलं होतं आणि त्या देशाची खुर्ची त्यात नव्हती. माझ्या ज्योतिषाप्रमाणे हे उत्तम लक्षण. ज्याच्याबद्दल बोलायचं तो बाहेर, म्हणजे बोलणं कडक होणार. दुपारी प्रोटोकॉलवाल्याचा फोन आला. गोड आवाजाचा तरुण, सगळं काम "इन्शाल्ला"वर चालवणारा.

"मॅडम, एक चेअर ॲड करा. आणि एक फ्लॅग."

"कुठला?" मी विचारलं, जणू मला कळलंच नव्हतं.

त्याने सांगितलं. मग म्हणाला, "आणि फोटोसाठी मधली जागा. होस्टच्या उजव्या हाताला. यल्ला मॅडम, प्लीज, वेळ नाही."

फोटोच्या वेळी कोणी कुठे उभं राहायचं, त्याच्या खुणा गालिच्यावर आधीच करून ठेवतात. छोट्या चिकटपट्ट्या असतात, कॅमेऱ्यात दिसत नाहीत. मधली पट्टी मी स्वतः लावली, कारण बाकीचे जेवायला गेले होते. झेंडा लाँड्रीतून वाफेची इस्त्री होऊन आला. तो हाताला अजून गरम होता. निकाल लागला होता, आणि बैठक दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू व्हायची होती.

सकाळी त्या देशाचा सेनापती आला. मला वाटलं होतं, बघितल्यावर अंगावर काटा येईल. तसलं काही नाही. बुटका, नीटनेटका, आमच्या पुण्यातल्या बँक मॅनेजरसारखा माणूस. कॉफी देणाऱ्या पोऱ्याला त्याने मान लववून शुक्रन म्हटलं, पुरे झाल्यावर रीतीप्रमाणे कप हलवून परत दिला. त्याच्यासमोरची फुलदाणी समोरच्या मंत्र्याच्या आड येत होती, ती त्याने स्वतः उचलून बाजूला ठेवली. दार उघडायचं, बंद व्हायचं, आणि मी प्रत्येक वेळी कान द्यायचे. कर्जाबद्दल बोलणं झालं. बंदराबद्दल झालं. सीमेवरच्या निर्वासितांबद्दल एकजण बराच वेळ बोलला, पण ते त्यांच्या देशात येऊ नयेत म्हणून. एकदा कुणीतरी "त्या दुर्दैवी पहाटेचा" विषय काढला. यजमानाने लगेच जेवणाची सुटी जाहीर केली.

संध्याकाळी निवेदन वाचलं. घडलेल्या घटनांबद्दल चिंता, सर्व बाजूंनी संयम पाळावा, स्थैर्याला पाठिंबा. घटना! जशी काही गच्चीवरची टाकी फुटली होती. सर्व बाजू म्हणे. त्या पोराच्या बाजूला सुईदोरा होता. मी भिंतीशी उभी होते, अंगावर हॉटेलचा कोट, चेहऱ्यावर हॉटेलचं हसू, आणि आतून नुसती पेटले होते. फोटोच्या वेळी सेनापती माझ्या पट्टीवर अगदी बरोबर उभा राहिला.

मी घरी पोहोचले तर ती दारात वाट बघत उभी होती. मला खोटं बोलता आलं असतं, एकाने विचारलं म्हणून. तोंडावर आलंही होतं.

"नही पूछा," मी म्हणाले.

"एक भी नही?"

"नही."

"खलास," ती म्हणाली, आणि मला चहा प्यायला आत बोलावलं. चहा केला, साखर विचारली. त्या दिवसापासून भिंतीपलीकडचा आवाज बंद झाला, आणि ते मला आवाजापेक्षा जास्त लागलं. जेवताना मी उगाच घास हातात धरून थांबायचे. तिच्या धाकटीने माझ्या मुलीला सांगितलं की आई आता काहीच खात नाही, नुसती भांडी घासते.

चैत्र लागला. मी गौर बसवणार नव्हते, मनच नव्हतं. तिनेच एके दिवशी विचारलं, "तुम्हारा वो औरतों का प्रोग्राम कब है?" आधी मला कळेना. मग तिने समजावून सांगितलं. दरवर्षी माझ्या दाराशी चपलांचा ढीग पडतो. वॉचमन बघतो, हसतो, त्याला प्रसादाची पुडी मिळते. नटूनथटून बायका येतात, आतून आवाज येतात, अत्तराचा वास येतो. कुणी काही विचारत नाही, कारण हे इंडियन लोकांचं काहीतरी आहे. "मेरी औरतें तुम्हारे घर आएंगी," ती म्हणाली. "रंगीन कपडे में. मिठाई लेके. सिर्फ दोपहर. उसके बाप को भी मालूम नही होगा."

मी नवऱ्याला रुवैसला फोन केला. तो ओरडेल वाटलं होतं. तो म्हणाला, "एसी फुल ठेव. आवाज दबतो." माझा नवरा कधीकधी बरा वागतो.

आमच्या मराठी बायकांना मी कळवलं की यंदा हळदीकुंकू एक आठवडा पुढे ढकललंय. कैरीची डाळ केली, पन्हं केलं, दारातून दिसेल असा कुंकवाचा करंडा आणि गुलाबदाणी मांडली. गौर झोपाळ्यावर होती. कुराण वाचायचं त्या खोलीत मूर्ती कशी ठेवायची, म्हणून मी ती उचलायला गेले. तर तिने माझा हात धरला. गौर महिनाभर माहेरी आलेली असते, हे मीच तिला कधीतरी सांगितलं होतं. "मेहमान है," ती म्हणाली. "क्यों उठाती हो?" आम्ही झोपाळा कोपऱ्यात सरकवला, आणि बायका दुसऱ्या बाजूला सतरंजीवर बसल्या.

त्या केशरी, हिरवी, जांभळी लांब वस्त्रं गुंडाळून, हातात मिठाईचे खोके घेऊन आल्या होत्या. शोक करायला असे रंग घालून यावं लागलं. एक म्हातारी हळू आवाजात वाचू लागली. पण माझी शेजारीण मात्र रडेना. इतके दिवस दाबलेलं रडू आता हुकमाने कुठून येणार? ती भिंतीला टेकून, डोळे कोरडे ठेवून, पाहुण्यांना साखर पुरते का बघत होती. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मला वाटलं, हे सगळं फुकट गेलं.

तेवढ्यात दार ढकलून चौथ्या मजल्यावरच्या काकू आत आल्या.

या काकू सांगलीहून मुलाकडे महिन्याभरासाठी आल्या होत्या. मी कळवलं होतं त्यांच्या सुनेला, आणि सून ते सासूला सांगायचं विसरून ऑफिसला गेली होती. काकू इरकल नेसून, केसांत मोगरा माळून तयार. "पाच दिरहम घेतले मेल्याने गजऱ्याचे! म्हणजे जवळजवळ नव्वद रुपये झाले की गं," असं बोलतच त्या शिरल्या. समोर एवढ्या बायका बघून जरा थबकल्या, आणि मग हळदीकुंकवाला आलेली सांगलीची बाई जे करेल तेच त्यांनी केलं. मी कामात दिसले म्हणून करंडा स्वतःच उचलला आणि ओळीने कुंकू लावायला लागल्या.

मी मध्ये पडायला हवं होतं, पण तोवर पहिल्या दोघींच्या कपाळाला कुंकू लागलं होतं. त्या बायकांना वाटलं, ही आमच्याकडची सांत्वनाची रीत असावी. एकेकीने मुकाट्याने कपाळ पुढे केलं. वाचणारी म्हातारीसुद्धा थांबली. काकू प्रत्येकीला आपल्या सांगलीच्या हिंदीत, आपल्याकडे विचारतात तेच विचारत होत्या, आणि तसं विचारत विचारत तिच्यापर्यंत पोहोचल्या.

"तुमको बच्चे कितने?"

ती वर बघत राहिली. काकूंचं बोट कुंकवात बुडालेलं, हवेतच होतं.

"दो," ती म्हणाली. मग म्हणाली, "दो थे. बडे को मार दिया."

"अगं बाई! किसने?"

"फौज ने."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, सतरंजीकडे पाहिलं, आणि त्यांना सगळं कळलं. मला वाटलं, आता त्या जीभ चावून निघून जातील. त्यांनी करंडा खाली ठेवला. बोट पदराला पुसलं. गुडघे दुखत असूनही तिच्यासमोर खाली बसल्या आणि तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"नाम क्या था बेटे का?"

तिने नाव सांगितलं. आधी ओठांतल्या ओठांत, तिलाच जेमतेम ऐकू जाईल असं. इतक्या दिवसांत मी ते नाव तिच्या तोंडून प्रथमच ऐकत होते, आणि माझ्याच डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"फिर पूछो," ती काकूंना म्हणाली.

काकूंनी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा सांगितलं, आता सगळ्यांना ऐकू येईल असं, आणि त्यानंतर तिच्या गळ्यातून जे निघालं ते रडणं म्हणावं की काय, मला माहीत नाही. बायका तिच्याकडे सरकल्या आणि तिच्याबरोबर रडू लागल्या.

"फिर पूछो."

काकू स्वतः रडत होत्या, त्यांना बोलवेना, तरी त्यांनी विचारलं. या वेळी तिने ते नाव अशी हाक मारून घेतलं की खालच्या रस्त्यावर ऐकू गेलं असतं. मी उठले आणि बाल्कनीचं किलकिलं राहिलेलं दार लावून घेतलं.